बांधावरची बदली

हे घडलं त्या दिवसांत माझं आणि देवाचं बोलणं जवळजवळ बंद होतं. पूजा मात्र चालू होती. एवढ्या वर्षांची पूजा हातांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की मन रुसलं तरी हात थांबत नाहीत. खंडोबाचा टाक धुवायचा, पुसायचा, भंडार वाहायचा, दिवा लावायचा आणि नजर वर न करता स्वयंपाकघरात निघून जायचं. मागणं काही उरलं नव्हतं. जे मागितलं ते मिळालं नव्हतं, आणि तेच ते मागायला मी काही रेशनच्या रांगेत उभी नव्हते, असा माझा ताठा होता. मागितलं होतं एवढंच, की आमच्या यांना मी ओळखू यावी.

आमचे हे सैन्यात होते. एकाहत्तरच्या लढाईला गेले तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेलं; आमचं लग्न त्यानंतरचं. पेन्शनीवर आल्यावर इकडे एका कारखान्यात राखणीच्या कामाला लागले, मी शाळेत शिवण शिकवायचे, आणि असं करत करत आम्ही घणसोलीला गावठाणाला लागून असलेल्या एका टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. गॅलरीतून गावातली एकाला एक खेटलेली घरं दिसतात, त्यांच्या पलीकडे मोठा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे तिवरांची हिरवी पट्टी आणि खाडी. फ्लॅट घेताना मी ओटा बघितला, यांनी गॅलरी. "समोर पाणी असलं की माणूस सावध राहतो," असं म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

काही वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग सुनेचं नाव. वाशीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या आजारात नवं आधी जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं. म्हणजे मी जाणार आणि लढाई राहणार, हे मला परतताना रिक्षातच कळून चुकलं. झालंही तसंच. सवतीच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण आपली सवत बंगालातली एक नदी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या नदीची गोष्ट त्यांनी मला जन्मात एकदाच सांगितली होती, मटार सोलता सोलता, वर न बघता. लढाईचा शेवटचा टप्पा होता. पलटण कित्येक दिवस नुसती चालत होती. पूल उडवलेले, म्हणून गावकऱ्यांच्या होड्यांतून, केळीच्या बागांतून, गुडघाभर पाण्यातून सगळे ढाक्याकडे सरकत होते. आता संपतंय, आज-उद्या शत्रू हत्यार टाकणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. माणसं घरच्या गोष्टी बोलायला लागली होती. एका सकाळी हवालदारानं यांना नदीच्या बांधावर पहाऱ्याला उभं केलं आणि सांगितलं, दौलत येऊन बदली करेल, तोवर जागा सोडायची नाही. दौलत यांच्या शेजारच्या गावचा, माण तालुक्यातलाच. दोघे एकाच एसटीनं भरतीला गेले होते. उन्हं वर आली, दौलत आला नाही. मागे कुठेतरी तोफेचा एक गोळा पडल्याचा आवाज झाला होता, तसे ते दिवसभर पडतच होते. दुपारनंतर हवालदार स्वतः आला आणि म्हणाला, चल, संपली लढाई. दौलत चहाचा मग घेऊन निघाला होता, वाटेतच गेला. सगळे नाचत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. "आणि माझी बदली झालीच न्हाई," एवढं बोलून यांनी मटाराचं शेवटचं टरफल परातीत टाकलं होतं.

तर आजारात हे रोज सकाळी न्याहारी झाली की त्या बांधावर जायला निघायचे. काठी खांद्याला लावायची, कानटोपी घालायची आणि दाराशी उभं राहायचं. अडवलं की चिडायचे, मला ढकलायचे. मुलगा महेश ऐरोलीला राहतो; तो कळवळून म्हणायचा, "आई, सकाळच्या वेळेला एक बाई ठेवू. ट्रेन केलेल्या असतात, टेन्शन नसतं." मी म्हणायचे, माझ्या माणसाला परकी बाई आंघोळ घालणार असेल तर मी काय करू, टीव्ही बघू? मी कुणाच्या हाती काही सोपवणारी नाही. शाळेतल्या मुलींची उसवलेली शिवणसुद्धा मी रात्री घरी आणून स्वतः घालायचे.

शेवटी मीच एक युक्ती काढली आणि तिचा मला फार अभिमान होता. ते दाराशी गेले की मी कडक आवाजात म्हणायचे, "जवान, तुमचं ठाणं गॅलरीत आहे. बदली येईपर्यंत हलायचं नाही." की झालं. गॅलरीत जाऊन खाडीकडे तोंड करून असे उभे राहायचे की कबुतरंसुद्धा लांब बसत. माझा स्वयंपाक निवांत व्हायचा. जेवायची वेळ झाली की मी म्हणायचे, "बदली आली." ते वळून बघायचे. मागे मीच असायचे, हाताला कणीक. थोडा वेळ शोधत राहायचे आणि मग मुकाट्यानं पाटावर येऊन बसायचे. त्या शोधण्याकडे मी कधी नीट बघितलं नाही, कारण भाकरी तव्यावर असायची.

त्या दिवशी मार्गशीर्षातली प्रतिपदा होती. आमच्याकडे या दिवशी खंडोबाचा घट बसतो आणि चंपाषष्ठीपर्यंत नंदादीप तेवत ठेवायचा असतो. घरातल्या कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवायची. घट बसवला, दिवा लावला. नेमकं सोसायटीचं रंगकाम चालू होतं. सकाळीच रंगाऱ्यांनी आमच्या गॅलरीला बाहेरून हिरवी जाळी लावली आणि गॅलरी बंद ठेवायला सांगितली. एका शेगडीवर पुरण, दुसऱ्या शेगडीवर कुकर, आणि हे काठी घेऊन दाराशी. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "गॅलरी बंद आहे. आज ठाणं हलवलंय." माझ्या मनात मागच्या खोलीची खिडकी होती. ते सांगायला मी पुरण उतरवून येतेच आहे, असं मनाशी म्हणाले.

मी पन्नास वर्षं सैनिकाची बायको आहे आणि एवढं मला कळू नये. पुढे सरकणाऱ्या फौजेत ठाणं हललं म्हणजे ते पुढेच हलतं. मागच्या खोलीत कधी जात नाही.

पुरण उतरवून आले तर दार उघडं. लिफ्ट खाली गेलेली. मी चपला न घालता जिना उतरले. वॉचमन म्हणाला, "आजोबा? मला सॅल्यूट मारून गेले ना आत्ताच. मला वाटलं तुमी मागून येताय." कुठल्या बाजूला गेले ते त्यानं बघितलं नव्हतं. मी आधी बागेत धावले, मग बाजाराच्या रस्त्याला, मग रिक्षा स्टँडवर. महेशला फोन लावला, तो "निघालो, निघालो" म्हणत निघाला. मी येईल त्याला विचारत होते, कानटोपी, खांद्याला काठी, उंच आहेत. लोक थांबत होते, माना हलवत होते.  इतक्या वर्षांत माझ्याजवळून सुईसुद्धा कधी हरवली नव्हती.

मग मी उभी राहिले आणि वर आमच्या गॅलरीकडे बघितलं. जाळी लावलेली ती गॅलरी दिसली आणि ते रोज जिकडे बघत असत तिकडे माझी मान आपोआप वळली. मी गावठाणात शिरले. एका ओट्यावर एक बाई मासळी साफ करत बसली होती. मी विचारायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काठीवाला म्हातारा काय? बांधाकडं गेला. मी बोल्ले त्याला, भरती लागलीय, तर मलाच गप बस बोल्ला." आणि मग हळूच, "धाव बाय. आज उधान हाय."

मोठा रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. रस्त्यापलीकडे तिवरांतून एक पायवाट जाते आणि पुढे जुना मातीचा बांध लागतो. पूर्वी आत भातशेती होती तेव्हा खाडीचं पाणी अडवायला गावानं घातलेला. आता शेती नाही, म्हणून बांधाची कुणी डागडुजी करत नाही. मध्ये एका ठिकाणी तो फुटून खांड पडली आहे, आणि खांडीपलीकडचा तुकडा पाण्यात घुसलेल्या जिभेसारखा पुढे गेलाय. त्या तुकड्याच्या टोकाला हे उभे होते. पाठ ताठ, काठी खांद्याला, तोंड खाडीकडे. दोन्ही बाजूंनी तिवरांच्या बुंध्यांत पाणी चढत होतं आणि खांडीतून ते आवाज करत आत घुसत होतं.

मी हाक मारली. ते वळले नाहीत. मी माझा कडक आवाज काढला, "जवान, बदली आली." तेव्हा मात्र वळले. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, तसंच शोधत, जसे रोज शोधायचे. आज तव्यावर भाकरी नव्हती, म्हणून मला ते बघावं लागलं. मग ते अगदी हळू, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "बाई, मागं व्हा. इथं फायर येतंय. तुमच्या घरचं कुणी न्हाई का संगं?"

मी खांडीत पाय घातला तर तो पोटरीपर्यंत चिखलात गेला. दुसरा घातला, तोही गेला. मी कशीबशी तिवराला धरून मागे आले, हात सोलवटले. बोलून बघितलं, विनवलं, आमच्या लग्नाची आठवण करून दिली, महेशचं नाव घेतलं. ते समोरच्या पाण्याकडे बघत होते. त्यांच्या पायांखालची माती एका अंगानं ढासळत होती आणि ढेकळं पाण्यात पडताना दिसत होती. मदतीला कुणाला बोलवायचं म्हणजे रस्त्यापर्यंत जायला हवं, आणि तेवढ्यात ते गेले तर. फोन चिखलात पडून बंद झाला होता.

तेव्हा मी देवाशी बोलले. कितीतरी दिवसांनी. प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. म्हणाले, मल्हारी, मी थकले. माझी युक्ती संपली, माझा आवाज संपला. तुझ्या घटापुढे दिवा लावून आले, तो बघायला घरी कुणी नाही, हा माणूस बघायला इथे माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझ्यानं आता होत नाही. तुला काय करायचं ते कर. एवढं म्हणून मी त्या चिखलात बसले. रडूसुद्धा आलं नाही. फक्त आतून काहीतरी घट्ट धरलेलं सुटलं, एवढं जाणवलं.

मागून चिखलातून चालल्याचा आवाज आला. एक म्हातारा येत होता. कमरेला कोळ्यांसारखा गुडघ्यापर्यंत रुमाल नेसलेला, डोक्याला फडकं, खांद्यावर फावडं. वयानं यांच्याहूनही मोठा असावा. माझ्याजवळ क्षणभर थांबला, माझ्याकडे आणि मग यांच्याकडे बघितलं. मी काही सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "बाय, तू बस. खाली नको येऊ." आणि खांडीच्या एका कडेनं, जिथे मला नुसतं पाणी दिसत होतं, तिथून मांडीपर्यंत पाण्यातून सावकाश पलीकडे चढला. यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खाडीकडे बघितलं, पाणी कुठवर आलंय ते बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आता माजी पाली. तू जा घरा."

 हे त्याच्याकडे वळले होते आणि त्याला खालून वर न्याहाळत होते.  मग विचारलं, "एकटाच आलास?"

"एकटाच."

"उशीर केलास."

"झाला खरा," म्हातारा म्हणाला.

यांनी काठी खांद्यावरून उतरवली, दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली, एक पाऊल मागे घेतलं आणि सलाम केला. उजव्या हाताला पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या अंगाला नीट बघ. गप दिसतंय, पर भरवसा न्हाई." म्हातारा म्हणाला, "ठावं हाय. बघतू मी." मग त्यानं फावड्याचा दांडा पाण्यात धरून यांना पाऊल कुठे टाकायचं ते दाखवलं, आणि हे त्या दांड्याला धरून एकेक पाऊल टाकत अलीकडे आले. मी त्यांचा दंड धरला. 

म्हातारा पलीकडेच उभा राहिला. मी म्हणाले, बाबा, तुम्हीही या, पाणी वाढतंय. त्यानं मान हलवली. "तो मागं वलून बघल," म्हणाला. "तुमी रस्त्याला लागा, मंग येतू." आणि हे खरोखरच वळले. एकदा पायवाटेच्या तोंडाशी, एकदा तिवरांच्या शेवटाला. दोन्ही वेळा बांधाच्या टोकाला तो उभा होता, फावडं एका हातात, यांची काठी खांद्याला, तोंड पाण्याकडे. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा समोरून महेश धावत येत होता; ओट्यावरच्या त्या बाईनं त्याला वाट दाखवली होती. यांना त्याच्या हाती देऊन मी पुन्हा तिवरांच्या तोंडाशी गेले. म्हातारा चिखल तुडवत सावकाश परत येत होता. तो सुखरूप बाहेर पडलेला बघितला तेव्हा कुठे मला रडू आलं.

घरी येऊन बघितलं तर नंदादीप विझलेला. महेशचं तोंड उतरलं. मी पुन्हा वात लावली, तेल घातलं. मला अपशकुन वाटला नाही. देव तरी कुठे कुठे उभा राहील. घरातला दिवा सोडून तो बांधावर आला असेल, तर माझी त्याच्यावर काही तक्रार नव्हती. यांना गरम पाण्यानं आंघोळ घातली, पुरणपोळी वाढली. कितीतरी दिवसांनी ते मन लावून जेवले. मध्येच घास हातात धरून थांबले आणि कसल्याशा नवलानं म्हणाले, "दौलत किती म्हातारा झाला." मग माझ्याकडे बघून, "तू जेवलीस का?" असं विचारलं. मला ओळखून विचारलं की वाढणाऱ्या बाईला विचारलं, ते मला माहीत नाही. मी जेवते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नारळ आणि पुरणपोळ्या घेऊन गावठाणात गेले. त्या म्हाताऱ्यांचं नाव जोमाबाबा. ते ओट्यावर पाय पसरून बसले होते आणि यांची काठी शेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांच्या सुनेनं चहा केला आणि सांगितलं की पूर्वी उधाणाच्या भरतीला गावातली माणसं पाळीपाळीनं बांधावर राखणीला उभी राहत. बांध फुटला तर खारं पाणी भातात शिरायचं. शेतं जाऊन एक पिढी झाली. पाळ्या बंद पडल्या. "आणि बाबा तर गेल्या साली पडल्यापासून ओट्याच्या खाली उतरलेच नाय. संडासाला पन धरून न्यावं लागतं. काल चहा पिले, फावरा मागितला न बोलले, आज माजी पाली हाय. मी भांडी घासत होते, मला वाटलं असंच बोलतात." ती घाबरून शोधायला निघाली, तोवर ते चिखलानं माखून, काठी घेऊन परत येत होते. जोमाबाबांना मी विचारलं, काल तुम्हाला कसं काय आठवलं? ते हसले, तोंडात दात नव्हते. "उधान होता ना," म्हणाले, जणू याच्यापुढे विचारण्यासारखं काही नाही.

मीही पुढे विचारलं नाही. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला जुनी सवय आठवली आणि योग जुळून आला. तसं असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की या माणसाची पन्नास वर्षं अडलेली बदली मला करता आली नाही, रोज खोटं बोलूनसुद्धा आली नाही. आणि ज्या क्षणी मी माझ्यानं होत नाही म्हणाले, त्या क्षणी ती करणारा चिखलातून चालत येत होता.

त्यानंतर हे दाराशी उभे राहिले नाहीत. आजार आहे तसाच आहे, वाढतोही आहे. मला ते ओळखत नाहीत, कधी कधी ताई म्हणतात. पण खाडीकडे बघत खुर्चीत शांत बसतात आणि काठी मागत नाहीत. ती अजून जोमाबाबांकडेच आहे. मी परत आणली नाही. पहारा ज्याच्याकडे गेला त्याच्याकडेच हत्यार राहायला हवं, असं मला वाटतं.

चंपाषष्ठीला घट उठले, तळी भरली, आणि दुसऱ्याच सकाळी महेशनं सांगितलेली ती बाई कामावर आली. सविता तिचं नाव. पहिल्या दिवशी ती यांना आंघोळीला घेऊन गेली तेव्हा मी न्हाणीच्या दाराशी उभी होते, हात पदरात घट्ट धरून. आतून ती म्हणाली, "आजी, तुम्ही बसा ना आता. मी आहे." मला जोमाबाबांचा आवाज आठवला. मी देवघराशी गेले, टाकाकडे नजर वर करून बघितलं, आणि म्हणाले, बरं. तुझी पाळी. मग जाळी निघालेल्या गॅलरीत जाऊन यांच्या खुर्चीत बसले आणि चहा गरम असताना प्याले.